शंभर मिलिमीटरचं अक्षर शंभर का भरत नाही?

पाटीसाठी प्लास्टिकची अक्षरं कापायची होती. उंची ठरली १०० मिलिमीटर. पहिल्या खेपेला इंग्रजी 'एच' हातात आला तो ७१.६ मिमीचा. ती चूक निस्तरली, तर पुढच्या खेपेला तो ९७ भरला. तीही निस्तरली, तर ९९.८ भरला, आणि त्याच शीटमधून कापलेल्या 'ओ'चं मधलं भोक मात्र हव्या मापापेक्षा ०.२ मिमीने मोठं निघालं. पडद्यावर तिन्ही वेळा माप दिसत होतं १००.०००.

संगणकावर चालणाऱ्या राउटरवर अक्षरं कापणाऱ्या, किंवा कुणाकडून तरी कापून घेणाऱ्या, जवळजवळ प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येतो. माझ्यावरही आला. अक्षर ९७ भरलं तेव्हा मी सरळ अख्खी फाइल ३ टक्क्यांनी मोठी केली. १०० मिमीचं अक्षर बरोबर आलं. त्याच फाइलमधली ४० मिमीची अक्षरं मात्र ३८ च्या आसपासच राहिली, आणि सगळ्याच अक्षरांच्या रेघा किडकिडीत दिसत होत्या. अर्धी शीट वाया गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की चूक किती आहे हे मोजून मी थांबलो होतो. ती कशी वागते, म्हणजे लहान अक्षरात तेवढीच राहते की कमी होते, बाहेरच्या कडेला एक आणि आतल्या भोकाला उलटी दिसते का, हे पाहिलंच नव्हतं. वरच्या तिन्ही आकड्यांचा उगम वेगवेगळा आहे, आणि प्रत्येक आकडा आपला पत्ता स्वतःच सांगतो.

## हा राउटर म्हणजे काय

घरात इंटरनेट पुरवणारा डबा तो हा राउटर नव्हे. सुतारकामात हातात धरून चालवायचं एक यंत्र असतं. त्यात खाली एक धारदार बिट मिनिटाला हजारो फेऱ्या घेत फिरतो आणि लाकडात खाचा पाडतो. तेच यंत्र एका चौकटीवर बसवलं, त्याला डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली नेणाऱ्या मोटरी जोडल्या आणि त्या मोटरींचा ताबा संगणकाला दिला, की झाला आपला सीएनसी राउटर. आकड्यांनी यंत्र चालवण्याची ही कल्पना अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांच्या कामातून पुढे आली, आणि १९५२ मध्ये तिथल्याच एमआयटी या तंत्रविद्यापीठाने भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालणारं असं यंत्र दाखवलं.

आज पट्टीच्या जागी फाइल असते. तिच्यात एकाखाली एक हुकूम लिहिलेले असतात: अमुक जागी जा, तिथून तमुक जागेपर्यंत सरळ रेषेत काप, मग एवढ्या त्रिज्येचा कंस काढ. या हुकुमांच्या भाषेला जी-कोड म्हणतात. यंत्राला 'अ' किंवा 'ठ' कळत नाही, फक्त पुढचा बिंदू कळतो.

म्हणजे अक्षर आधी फॉन्टमध्ये असतं, मग त्याची रेषाकृती, म्हणजे नुसत्या कडांची रेषा, होते, त्या रेषेवरून बिटचा मार्ग आखला जातो, मार्गाचा जी-कोड होतो, जी-कोडवरून मोटरी फिरतात, मोटरींमुळे बिट सरकतो आणि शेवटी बिट प्लास्टिक कापतो. पाच-सहा तोंडांतून गेलेल्या निरोपासारखं हे आहे. निरोप कुठे बिघडला ते शोधायचं तर प्रत्येक तोंडापाशी थांबून विचारावं लागतं.

## फॉन्टचं माप अक्षराचं नसतं

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच पायरीवर होते, आणि तिचा यंत्राशी काडीचाही संबंध नसतो.

छपाई शिशाच्या खिळ्यांनी होत असे तेव्हा प्रत्येक अक्षर एका छोट्या धातूच्या ठोकळ्यावर उठावात ओतलेलं असे. अक्षराच्या वर आणि खाली थोडी मोकळी जागा ठेवावीच लागे, नाहीतर वरच्या ओळीची शेपटी खालच्या ओळीच्या डोक्यात घुसायची. टाइपाचं माप म्हणजे त्या ठोकळ्याची उंची. खिळे गेले, ठोकळा मात्र संगणकात अदृश्य रूपात राहिला. आजही ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, २५.४ मिमी, असं आपण म्हणतो तेव्हा ते माप त्या अदृश्य ठोकळ्याचं असतं.

एरिअल या फॉन्टमध्ये मोठ्या लिपीतलं इंग्रजी अक्षर ठोकळ्याच्या सुमारे ७१.६ टक्के उंचीचं असतं. म्हणून ठोकळा १०० मिमीचा ठेवला की 'एच' ७१.६ मिमीचा येतो. पहिला आकडा सुटला. 'एच' खरोखर १०० मिमीचा हवा असेल, तर ठोकळा १३९.७ मिमीचा, म्हणजे साधारण ३९६ पॉइंटचा, लागेल. दुसऱ्या फॉन्टमध्ये हे प्रमाण वेगळं असणार, त्यामुळे पाठ करण्यात अर्थ नाही. आधी मजकूर रेषाकृतीत बदलावा, मग पडद्यावर अक्षर मोजावं आणि हव्या उंचीला ताणावं.

एक पथ्य मात्र पाळावं. 'ओ' हा 'एच'पेक्षा एखाद-दुसरा टक्का उंच दिसला तर तो कापून सारखा करू नये. गोल अक्षर तेवढ्याच उंचीचं काढलं तर डोळ्याला बुटकं वाटतं, म्हणून फॉन्ट घडवणारा त्याला मुद्दाम वर-खाली किंचित बाहेर काढतो. मोजायला नेहमी सपाट माथ्याचं, सपाट बुडाचं अक्षर घ्यावं.

देवनागरीत हा घोळ आणखी वाढतो. 'मराठी' आणि 'मुलगी' असे दोन शब्द लिहिले आणि दोन्हींची एकूण उंची १०० मिमी करून टाकली, तर दोन्हींतला 'म' वेगळ्या उंचीचा येतो. पहिल्या शब्दात उंचीचा काही भाग वरच्या वेलांटीने खाल्ला, दुसऱ्यात वरच्या वेलांटीने आणि खालच्या उकारानेही. एकाखाली एक लावल्यावर दुसरी ओळ बारीक दिसते आणि का ते पटकन कळत नाही. मी एक नेम ठेवला आहे. आधी नुसता 'म' टाकायचा, शिरोरेषेच्या माथ्यापासून दांडीच्या पायापर्यंत त्याची उंची ठरवायची, त्यासाठी किती पट करावं लागलं तो आकडा लिहून ठेवायचा आणि सगळ्या मजकुराला तोच लावायचा. मात्रा, वेलांट्या, उकार मग जिथे जायचे तिथे जातात.

देवनागरीचा आणखी एक सापळा सांगून ठेवतो. अखंड शब्द कापायचा असेल तर रेषाकृती केल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर काळ्या रंगात हे दिसत नाही. यंत्र मात्र प्रत्येक अक्षराची सीमारेषा प्रामाणिकपणे कापत जातं आणि शब्दाचे तुकडे करतं. कापायच्या आधी सगळ्या आकृत्या जोडून एकच बाह्यरेषा करून घ्यावी. भरलेला रंग काढून नुसत्या रेषा पाहिल्या की कुठे जोड राहिला ते लगेच दिसतं.

## एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना

इथली चूक ओळखायला सगळ्यात सोपी, कारण आकडे ठरलेले आहेत. अक्षर २५.४ पट लहान किंवा मोठं झालं तर एका प्रोग्रॅमने इंच धरले आणि दुसऱ्याने मिलिमीटर. डीएक्सएफ फाइलमध्ये (रेषाकृती साठवायचा हा एक प्रकार) एकक नोंदलेलं नसलं, किंवा उघडणाऱ्या प्रोग्रॅमने ते वाचलंच नाही, की असं होतं. एसव्हीजी या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये १०० चं १०६.६७, ९३.७५ किंवा ७५ झालं, तर एका इंचात किती ठिपके धरायचे यावर दोन प्रोग्रॅमचं एकमत नाही. कुणी ९६ धरतो, कुणी ७२, आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्यांत ९० धरले जात.

यावर औषध एकच. प्रत्येक फाइलमध्ये अक्षरांच्या शेजारी १०० मिमीचा एक चौकोन काढून ठेवायचा आणि पुढच्या प्रोग्रॅममध्ये गेल्यावर आधी तो मोजायचा.

वक्र रेषांचंही इथेच बघून घ्यावं. काही प्रोग्रॅम गोलाईचे सरळ तुकडे पाडतात. १०० मिमी व्यासाच्या वर्तुळाचे ३६ तुकडे झाले तर तुकड्याचा मध्य खऱ्या गोलाईपासून ०.१९ मिमी आत राहतो. चकाकत्या ॲक्रिलिकवर, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकवर, हे पैलू उजेडात लगेच दिसतात. तुकडा खऱ्या गोलाईपासून किती दूर जाऊ द्यायचा, ही सूट प्रोग्रॅममध्ये ०.०१ ते ०.०२ मिमी ठेवली की काम भागतं.

## बिटला स्वतःची जाडी असते

पेन्सिलीने रेघ मारताना टोकाची जाडी आपण हिशेबात धरत नाही. बिट ३ मिमी जाडीचा असतो, तो हिशेबात धरावाच लागतो. बिटचं केंद्र अक्षराच्या रेषेवरूनच फिरवलं, तर प्रत्येक बाजूने दीड मिमी प्लास्टिक खाल्लं जातं. वरून दीड, खालून दीड. १०० चं अक्षर ९७ होतं. दुसरा आकडा हा असा सुटतो. आतली भोकं ३ मिमीने मोठी होतात आणि प्रत्येक रेघ ३ मिमीने बारीक. किडकिडीत अक्षरांचं कारण हेच होतं, आणि फाइल ३ टक्के फुगवून ते जाणार नव्हतं.

कपडा बेतताना शिलाईत जाणारा भाग बाहेर सोडून कात्री चालवतात, तसं बिटचं केंद्र रेषेपासून अर्ध्या जाडीइतकं दूर चालवायचं. याला ऑफसेट म्हणतात. बाहेरच्या कडेला ऑफसेट बाहेर, आतल्या भोकाला आत. मार्ग आखणारा प्रोग्रॅम हे आपोआप करतो, त्याला फक्त बिटची जाडी सांगायची असते.

पण जाडी कोणती सांगायची? डबीवर ३ मिमी लिहिलेलं असतं. बिट प्रत्यक्षात २.९५ चा असू शकतो, आणि धार लावून घेतलेला असेल तर त्याहूनही कमी. उलट, पकडीत तो किंचित तिरका बसला तर फिरताना डोलतो आणि ३ मिमीचा बिट ३.१ किंवा ३.२ ची खाच पाडतो. प्लास्टिकला बिटची जात-कुळी माहीत नसते, खाच केवढी पडली तेवढंच खरं. म्हणून बिट मोजत बसण्यापेक्षा खाच मोजावी. त्याच प्लास्टिकच्या टाकाऊ तुकड्यात, त्याच वेगाने आणि त्याच खोलीने एक सरळ खाच पाडायची, व्हर्निअरच्या, म्हणजे सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीच्या, आतल्या जबड्यांनी तिची रुंदी मोजायची आणि तो आकडा प्रोग्रॅममध्ये बिटची जाडी म्हणून भरायचा. बिट बदलला की पुन्हा. या कामातली एकच गोष्ट कुणाला शिकवायची झाली तर मी ही शिकवेन.

तिसरा आकडाही इथेच सुटतो. प्रोग्रॅमला सांगितले ३.०, खाच पडली ३.२. बाहेरचं माप ०.२ ने घटून ९९.८ झालं आणि 'ओ'चं भोक ०.२ ने वाढलं. बाहेर कमी, आत जास्त, आणि दोन्हीकडे फरक तेवढाच, ही जाडी चुकल्याची खूण आहे.

बिट गोल असल्यामुळे आणखी एक मर्यादा येते आणि तिला उपाय नाही. बाहेरचा कोपरा टोकदार येतो, आतला कोपरा मात्र बिटच्या त्रिज्येइतका गोल राहतो. 'ब'च्या पोटातली तिरपी रेघ जिथे गोलाईला भिडते तिथल्या अरुंद कोपऱ्यांत ३ मिमीचा बिट शिरूच शकत नाही, प्रोग्रॅम ती जागा तशीच सोडून देतो. लहान अक्षरात 'ब', 'ष' यांचं पोट निम्मं भरलेलं दिसतं ते यामुळे. बारीक बिट घ्यावा, अक्षर मोठं करावं किंवा मोकळ्या पोटाचा फॉन्ट निवडावा. मला तिसरा मार्ग सगळ्यात बरा वाटतो.

## तुटलेली फीत आणि ताणलेली फीत

आता या सगळ्याचा गाभा. शिंप्याच्या दोन फिती डोळ्यांसमोर आणा. एकीचं सुरुवातीचं टोक एक इंच तुटलेलं आहे. तिने बाही मोजा, कंबर मोजा किंवा पूर्ण उंची मोजा, चूक प्रत्येक वेळी एक इंचच. दुसरी फीत वापरून वापरून ताणली गेली आहे. तिने बाही मोजली तर चूक जराशी, उंची मोजली तर मोठी.

राउटरच्या चुकाही मुख्यतः या दोनच जातींच्या असतात. बिटची जाडी चुकली तर तुटलेली फीत: ५० मिमीच्या अक्षरात जेवढा फरक, तेवढाच २०० मिमीच्या अक्षरात. मोटरींचं गणित चुकलं तर ताणलेली फीत: अक्षर चौपट मोठं तर फरकही चौपट.

म्हणून चाचणीसाठी एक चौकोन कापून उपयोग नाही, दोन कापायचे. समजा, ५० चा चौकोन ५०.१ आला आणि २०० चा २००.१, तर दोष बिटच्या जाडीचा. ५०.१ आणि २००.४ आले, तर दोष मोटरींच्या गणिताचा. ५०.१५ आणि २००.३० आले तर? दोन्ही दोष एकत्र आहेत, पण वेगळे करता येतात. माप १५० ने वाढलं तेव्हा चूक ०.१५ ने वाढली, म्हणजे ताणाचा भाग हजारात एक. ५० मध्ये त्या ताणाचे होतात ०.०५. उरले ०.१०, ते बिटच्या जाडीचे. पाचवीतल्या पोरालाही जमेल एवढंच गणित आहे, आणि ते केल्यावर कुठला आकडा बदलायचा याविषयी शंकाच राहत नाही.

याहून सोपी एक युक्ती आहे. शीटमध्ये दूर दूर दोन भोकं पाडायची आणि त्यांच्या केंद्रांतलं अंतर मोजायचं. बिट जाड असो की बारीक, भोक मोठं-लहान होईल, केंद्र हलणार नाही. त्या अंतरात जी चूक दिसेल ती निव्वळ ताणलेल्या फितीची.

## मोटरला मिलिमीटर कळत नाही

ताणलेली फीत यंत्रात कुठून येते? अशा राउटरमध्ये बहुधा स्टेपर मोटर असते. ती अखंड न फिरता घड्याळाच्या काट्यासारखी टप्प्याटप्प्याने फिरते. एका फेरीचे २०० टप्पे, प्रत्येक टप्प्याचे मोटर चालवणाऱ्या सर्किटने केलेले ८ बारीक भाग, म्हणजे एका फेरीत १,६००. एका फेरीत स्क्रू ५ मिमी पुढे सरकवत असेल, तर एका मिलिमीटरला ३२० टप्पे. हा आकडा यंत्राला आपण सांगायचा असतो. पट्टा थोडा सैल किंवा ताणलेला असला, स्क्रूची आटी किंचित कमी-जास्त असली, की ३२० हे कागदावरच बरोबर राहतं.

दुरुस्ती त्रैराशिकाची. ३०० मिमी जा म्हटल्यावर यंत्र २९८.८ गेलं, तर जुन्या आकड्याला ३०० ने गुणायचं आणि २९८.८ ने भागायचं. डावी-उजवीकडची आणि पुढची-मागची अशा दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासायच्या, दोघींचे पट्टे आणि स्क्रू वेगळे असतात.

दिशा बदलताना स्क्रूमध्ये थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर मोटर फिरते आणि बिट क्षणभर जागीच थांबतो. हे 'ओ' किंवा 'ठ'च्या गोलाईवर पकडता येतं: सगळ्यात वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे, जिथे दिशा उलटते तिथे, बारीकशी पायरी दिसते. आणि यंत्राच्या दोन दिशा एकमेकींना काटकोनात नसतील तर उंची-रुंदी बरोबर येऊनही अक्षर कललेलं येतं. ०.२ अंशाचा फरक ३०० मिमीवर एक मिमीहून थोडा जास्त होतो. मोठा चौकोन कापून त्याचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते पाहावं.

## प्लास्टिकचा स्वतःचा स्वभाव

लाकूड चुकीच्या वेगाने कापलं तर करपतं, प्लास्टिक वितळतं. ॲक्रिलिक उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनिअमपेक्षा सुमारे हजारपट मंद आहे. बिटच्या घर्षणाने झालेली उष्णता शीटमध्ये पसरत नाही, तिथेच साठते, आणि साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे ॲक्रिलिक मऊ पडायला लागतं. मग कापलेला भुसा बिटला चिकटतो, बिट जाड होतो, खाच वेडीवाकडी होते आणि मागे पडलेली खाच पुन्हा चिकटून जुळते.

उष्णता बाहेर नेण्याचा एकच चांगला मार्ग आहे, आणि तो म्हणजे कापलेला कीस. कीस जाडसर निघाला तर उष्णता सोबत घेऊन उडून जातो. भुकटी निघाली तर उष्णता मागेच राहते. नवशिका माणूस घाबरून बिट हळू सरकवतो आणि नेमकं तिथेच बिघडतं. एका धारेचा बिट मिनिटाला १८,००० फेऱ्या घेत असेल आणि प्रत्येक फेरीत ०.१ मिमीचा कीस हवा असेल, तर तो मिनिटाला १,८०० मिमी सरकलाच पाहिजे. तेवढा वेग यंत्राला झेपत नसेल तर फेऱ्या कमी कराव्यात. प्लास्टिकसाठी एकाच धारेचा, मोठ्या पन्हळीचा बिट वापरतात तो यासाठीच, किसाला बाहेर पडायला जागा मिळावी म्हणून.

ओतीव ॲक्रिलिक आणि यंत्रातून दाबून काढलेलं ॲक्रिलिक दिसायला सारखंच असतं. दाबून काढलेलं लवकर मऊ पडतं, ओतीव जास्त स्वच्छ कापलं जातं. पण ओतीव शीटच्या जाडीत फरक जास्त असतो, त्यामुळे खोलीचं माप लिहिलेल्या जाडीवरून न घेता शीट दोन-चार ठिकाणी मोजून घ्यावं.

मापाच्या दृष्टीने सगळ्यात फसवी गोष्ट प्लास्टिकचं फुगणं. एक मीटर ॲक्रिलिक तापमान १० अंशांनी वाढलं की सुमारे ०.७ मिमी वाढतं, पोलादापेक्षा जवळजवळ सहापट. १०० मिमीच्या अक्षरात हा फरक ०.०७ मिमी, दुर्लक्ष करण्याजोगा. पण मीटरभर लांब अखंड शब्द उन्हात ठेवलेल्या शीटमधून कापला आणि रात्री मोजला, तर यंत्राला उगाच दोष लागतो. अक्षर थंड होऊ द्यावं, कडेची लव खरवडून काढावी, मगच व्हर्निअर लावावं. पाट्यांसाठी वापरतात त्या मऊ फोम शीटच्या कडेत तर व्हर्निअरचे जबडे सहज रुततात आणि माप कमी दाखवतात, तिथे हात हलका ठेवावा.

## बिट वाकतो, अक्षर सरकतं

पोलादापेक्षाही ताठ अशा कार्बाइडचा बिट वाकतो हे ऐकून आश्चर्य वाटेल. पकडीतून बाहेर आलेली लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट होतं, आणि जाडी निम्मी केली की सोळापट. म्हणून बिट गरजेपुरताच बाहेर काढावा आणि एकदम पूर्ण खोली न कापता दोन-तीन पासात, म्हणजे फेऱ्यांत, कापावी. मी कडेला ०.२ मिमी शिल्लक ठेवतो आणि शेवटी एक हलका पास पूर्ण खोलीने फिरवतो. त्या पासात बिटवर जोर नसतो, त्यामुळे तो वाकत नाही आणि कडही गुळगुळीत येते.

अक्षर सुटून हलू लागलं तर वरचा सगळा हिशेब पाण्यात. क्रम सांभाळावा: आधी आतली भोकं, मग बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर अक्षर शीटपासून सुटतं आणि भोक कापताना बिट त्याला ढकलतो. सुटू नये म्हणून कडेला दोन-तीन छोटे जोड शिल्लक ठेवतात किंवा तळाशी ०.१-०.२ मिमीचा पापुद्रा ठेवून नंतर पातीने कापतात. अनुस्वारासारखे लहान तुकडे दुहेरी चिकटपट्टीवर धरावेत. नाहीतर गोळीसारखे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि फिरत्या बिटजवळ हातमोजे अजिबात नकोत, बिट त्यांना ओढून घेतो.

## "मग सरळ लेझरनेच का नाही कापायचं?"

ॲक्रिलिकसाठी लेझर उत्तमच आहे. आतले कोपरे टोकदार येतात आणि कड चकाकते. पण लेझरच्या झोतालाही जाडी असते, साधारण ०.१ ते ०.३ मिमी, त्यामुळे ऑफसेटपासून सुटका नाही. जाड शीटमध्ये कड किंचित उतरती येते. आणि पीव्हीसी, म्हणजे पाट्यांसाठी भरपूर वापरली जाणारी फोम शीट, लेझरखाली कधीही घालू नये. तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसांना घातक आहे आणि यंत्राचे धातूचे भागही गंजवतो. फोम शीट आणि जाड प्लास्टिक राउटरनेच कापावं.

## "यंत्र भारीतलं घेतलं की प्रश्न मिटला ना?"

अर्धाच. मजबूत चौकट कमी थरथरते, चांगल्या स्क्रूत प्ले नसतो, आणि आपली जागा स्वतः तपासणाऱ्या मोटरी टप्पे चुकवत नाहीत. हे सगळं खरं. पण ७१.६ ची चूक फॉन्टची होती, ९७ ची मार्ग आखण्यातली आणि ९९.८ ची एका चुकीच्या आकड्याची. सर्वांत महागड्या यंत्रानेही ती अक्षरं अगदी तशीच कापली असती.

## "पाव मिलिमीटरने कुणाला काय फरक पडतो?"

उंचावर लावलेल्या, सुट्या इंग्रजी अक्षरांना फारसा पडत नाही. दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा असते, चूक तिच्यात विरून जाते. देवनागरीत ती मोकळीक नाही. अक्षरं सुटी कापून शेजारी शेजारी लावली की सगळ्यांच्या शिरोरेषा एका ओळीत भिडतात. एकीची जाडी १२ मिमी आणि शेजारणीची ११.८ असली तर जोडावर पायरी दिसते, आणि बाजूने उजेड पडला की सावली तिथेच बोट दाखवते. खाचेत बसवायच्या अक्षरांचं तर विचारूच नका. अक्षर आणि खाच दोन्ही त्याच बिटने कापलेली, त्यामुळे चूक दोन्हीकडून जमा होते. ०.२ ची गफलत ०.४ ची फट होऊन बसते.

आणि कधीतरी पाटीवरचं एखादं अक्षर तुटतं. नवं कापून जुन्यांच्या मधे बसवायचं असतं, पण तोवर बिट बदललेला असतो आणि कधीकधी शीटही वेगळी असते. म्हणून प्रत्येक कामाच्या फाइलमध्ये, अक्षरांच्या शेजारी न कापायच्या थरावर, मी तीन आकडे लिहून ठेवतो: 'म'ची उंची, चाचणीच्या खाचेची मोजलेली रुंदी आणि शिरोरेषेची कापून झाल्यावर भरलेली जाडी. नवं अक्षर कापण्याआधी नवी खाच पाडून मोजतो, आणि शिरोरेषा त्या तिसऱ्या आकड्याला येऊन भिडली की मगच अक्षर जागेवर चिकटवतो.